सिटीला मिळणारं फेडरल ग्रँट कुणाला किती, हे नक्की कोण ठरवतं? हियरिंगला काय बोलू?

सोनचाफा:

नमस्कार मंडळी, अमेरिकेत सिटीच्या कारभाराची आतून माहिती असलेलं कुणी इथे असेल तर प्लीज मदत करा, जरा घाई आहे. मी ज्या नॉनप्रॉफिटमधे व्हॉलंटियर करते ती एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचं जेवण घरपोच देते आणि डॉक्टरकडे नेऊन आणते. सगळ्या देशांचे लोक आहेत त्यात, मुलांकडे म्हणून आलेले आणि मग इथेच राहिलेले आपले आजी-आजोबाही आहेत. यंदा आम्ही सिटीकडे सीडीबीजी ह्या फेडरल ग्रँटसाठी अर्ज केला, ६० हजार डॉलर मागितले. आता कौन्सिलच्या मीटिंगचा अजेंडा आलाय त्यात आमच्या नावापुढे १५ हजार आहेत आणि त्याच पानावर फुटपाथ दुरुस्तीला साडेतीन लाख, लोकांच्या घरांच्या रिपेअरला तीन लाख, ॲडमिनिस्ट्रेशनला दोन लाख!! शहराला एकूण मिळतात साधारण १० लाख. आमच्यासारख्या सगळ्या संस्थांना मिळून दीड लाख, बस.

मला खरंच वाईट वाटलंय आणि रागही आलाय. ज्यांच्या घरी दिवसभरात आमच्या ड्रायव्हरशिवाय दुसरं कुणी येत नाही अशी माणसं मी रोज बघते. पब्लिक हियरिंगला प्रत्येकाला तीन मिनिटं देतात, मला बोलायचंय. तर हे पैसे कुणाला किती हे ठरवतं कोण, कौन्सिल, स्टाफ का वॉशिंग्टन? तीन मिनिटांत काय बोललं तर आकडा हलू शकतो? आणि प्लॅनच्या पानापानावर अफोर्डेबल हाउसिंग लिहिलंय मग १० लाखांत एकही नवीन घर का नाही?

मधली_सुट्टी:

सोनचाफा ताई, मी बरीच वर्षं एका सिटीच्या कम्युनिटी डेव्हलपमेंट डिपार्टमेंटमधे ह्याच ग्रँटवर काम केलंय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या यादीतले दोन आकडे कौन्सिलने मनाने काढलेले नाहीत. सीडीबीजी म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट, १९७४ च्या कायद्यातून आलेलं, प्रेसिडेंट फोर्डच्या सहीने. त्याआधी अर्बन रिन्यूअल, मॉडेल सिटीज अशा वेगवेगळ्या योजनांचे वेगवेगळे पैसे यायचे, ते सगळे एकत्र करून शहरांना सांगितलं की तुमची गरज तुम्ही ओळखा. पण काही मर्यादा कायद्यातच घातल्या. त्यातली तुमच्या कामाची मर्यादा म्हणजे पब्लिक सर्व्हिसेस, म्हणजे जेवण, ट्रान्सपोर्ट, पाळणाघर, ट्युटरिंग, कौन्सेलिंग असली सगळी माणसांची कामं, ह्यावर वर्षाच्या ग्रँटच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही (आधीच्या वर्षी प्रोग्रॅम इन्कम, म्हणजे ग्रँटच्या कामांतून परत आलेले पैसे, आलं असेल तर त्याचे १५ टक्के धरून). १० लाखांचे दीड लाख झाले ना, तोच तुमचा आकडा. प्लॅनिंग आणि ॲडमिनला वरची मर्यादा २० टक्के, ते दोन लाख. म्हणजे कौन्सिलने मनात आणलं तरी फुटपाथचे पैसे काढून तुम्हाला देता येणार नाहीत, दिले तर ते सिटीला स्वतःच्या खिशातून परत करावे लागतील. त्यामुळे हियरिंगला फुटपाथ का माणसं असं बोलायला गेलात तर स्टाफ एका वाक्यात सांगेल की कॅप आहे आणि तुमची तीन मिनिटं फुकट जातील. तुमची चढाओढ फुटपाथशी नाहीये, त्या दीड लाखातल्या बाकीच्या संस्थांशी आहे.

आता १० लाखच का. ५० हजारांवर वस्तीच्या मेट्रो भागातल्या शहरांना आणि मेट्रोच्या मुख्य शहरांना हे पैसे हडकडून (HUD, म्हणजे घरं आणि शहरविकास बघणारं फेडरल खातं) थेट येतात, २ लाखांवरच्या मोठ्या काउंट्यांनाही. छोट्या गावांना राज्यामार्फत. एकूण रकमेचे ७० टक्के थेटवाल्यांना आणि ३० टक्के राज्यांना. थेटवाल्यांचा हिस्सा फॉर्म्युल्याने निघतो आणि फॉर्म्युले दोन आहेत. एकात लोकसंख्येला २५ टक्के वजन, गरिबीला ५० आणि दाटीवाटीने राहणाऱ्या घरांना २५. दुसरा १९७७ साली आला, त्यात गरिबीला ३०, १९४० च्या आधीच्या घरांना ५० आणि लोकसंख्येची वाढ बाकी शहरांच्या मानाने किती मागे पडली त्याला २०. ज्यात जास्त मिळेल तो घ्यायचा. डेट्रॉइट, क्लीव्हलँड, बफेलोसारख्या जुन्या ओसरलेल्या शहरांना दुसरा सोयीचा पडतो. ह्यात तुमच्या कौन्सिलचा काडीचा हात नाही.

आणि केक मुळातच छोटा होत चाललाय हेही सांगायला हवं. १९७५ साली थेट पैसे घेणारी सहाशेच्या आसपास शहरं-काउंट्या होत्या, आता बाराशेच्या वर आहेत. तेव्हा एकूण रक्कम अडीच अब्ज डॉलरच्या आसपास होती, अलीकडच्या वर्षांत ती ३.३ अब्जाच्या आसपास आहे. पन्नास वर्षांची महागाई धरा म्हणजे कळेल. २०१८ च्या बजेट प्रस्तावात व्हाइट हाउसने हा प्रोग्रॅमच शून्य करायचं सुचवलं होतं, २०१८ ला काँग्रेसने ऐकलं नाही, २०२६ च्या प्रस्तावात पुन्हा तेच होतं. दर वर्षी काँग्रेसचं बजेट उशिरा होतं म्हणून सिटी अंदाजाच्या आकड्यावर प्लॅन काढते आणि खरा आकडा आला की कुणाचं कसं कमी-जास्त करायचं हे त्यातच लिहून ठेवते. तुमच्या प्लॅनमधलं ते वाक्य शोधा. तुमच्याच गटातलं प्रमाणात कापायचं का छोट्यांना वाचवायचं हे तिथे असतं आणि ते कुणी वाचत नाही.

सोनचाफा:

बापरे, खूप धन्यवाद. १५ टक्के कायद्यातच आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, अर्जाच्या फॉर्मवरही नव्हतं. मग उरलेल्या साडेसहा लाखांत फुटपाथच का पण? ते तर सिटीने स्वतःच्या टॅक्समधून करायला हवेत ना. आणि आमच्या ज्येष्ठांचे इन्कमचे पुरावे मागितलेत, ते गोळा करताना आमची फार दमछाक होते, काही जणांना लाज वाटते कागद द्यायला.

मधली_सुट्टी:

कागदांचं आधी सांगतो कारण त्यात तुमचं काम लगेच हलकं होईल. सीडीबीजीच्या प्रत्येक डॉलरला तीनपैकी एक राष्ट्रीय उद्दिष्ट दाखवावं लागतं, कमी-मध्यम उत्पन्नाच्या लोकांना फायदा, मोडकळीला आलेली वस्ती सुधारणं, नाहीतर अचानक आलेली तातडीची आपत्ती. एकूणपैकी निदान ७० टक्के पैसे पहिल्या उद्दिष्टावर जायला लागतात. कमी-मध्यम म्हणजे त्या भागाच्या मिडियन इन्कमच्या (बरोबर मधल्या कुटुंबाच्या उत्पन्नाच्या) ८० टक्क्यांच्या आत, कुटुंबात माणसं किती त्याप्रमाणे, हड दर वर्षी तक्ता काढतं. पण काही गटांना गृहीत धरलेलं असतं, म्हणजे सेवा फक्त त्यांच्यासाठीच असेल तर प्रत्येकाचे इन्कमचे कागद लागत नाहीत. ६२ वर्षांवरचे ज्येष्ठ त्यात आहेत, बेघर आहेत, घरात मारहाण सोसलेल्या बायका, गंभीर अपंगत्व असलेली मोठी माणसं, एड्सचे पेशंट, फिरते शेतमजूर, लिहिता-वाचता न येणारे प्रौढ, अत्याचार झालेली मुलं. तुमचा प्रोग्रॅम ६२ च्या वरच्यांसाठीच असेल तर वयाचा पुरावा पुरतो. सिटीच्या स्टाफला ईमेल करून विचारा की आम्ही प्रिझ्यूम्ड बेनिफिटमधे बसतो का. कधीकधी सगळ्या संस्थांना एकच फॉर्म पाठवून देतात म्हणून हे कागद मागितले जातात. एखादी सिटी स्वतःहून जास्त कडक नियम ठेवू शकते, पण मग तसं लेखी सांगू दे.

फुटपाथ. ह्याला एक कारण आहे जे कौन्सिलच्या टेबलावर कुणी मोठ्याने बोलत नाही. प्रोग्रॅमचं वर्ष संपायच्या ६० दिवस आधी हड बघतं की सिटीच्या खात्यात न उचललेले पैसे एका वर्षाच्या ग्रँटच्या दीड पटीपेक्षा जास्त नाहीत ना. जास्त असतील तर आधी पत्र येतं आणि सुधारणा झाली नाही तर पुढच्या ग्रँटला कात्री. फुटपाथचं काम म्हणजे एक कॉन्ट्रॅक्ट, एकदम मोठी रक्कम खर्च, आणि एकाही माणसाची फाइल ठेवावी लागत नाही, कारण तिथे एरिया बेनिफिट दाखवतात, त्या वस्तीतले निदान ५१ टक्के रहिवासी कमी-मध्यम उत्पन्नाचे आहेत एवढं सेन्ससच्या आकड्यांनी दाखवलं की झालं. स्टाफच्या दृष्टीने ते सोपं. माझं स्वतःचं मत विचाराल तर हा सोपेपणा बऱ्याच शहरांत सवय होऊन बसलाय आणि त्यावर लोकांनी प्रश्न विचारायलाच पाहिजेत. कुठल्या रस्त्यावर, व्हीलचेअरचे रॅम्प आहेत का, म्हाताऱ्यांच्या बिल्डिंगपासून बसस्टॉपपर्यंतचा पट्टा त्यात आहे का. तुमच्या माणसांना फुटपाथही लागतोच की.

पायवाट:

मी आमच्या शहरात ह्या अर्जांना मार्क देणाऱ्या सिटिझन ॲडव्हायझरी कमिटीत होते, ते आतलं थोडं सांगते. सगळ्या शहरांत कमिटी असतेच असं नाही, काही ठिकाणी स्टाफच मार्क देतो, पण जिथे असते तिथे कौन्सिल बहुतेक वेळा कमिटीची यादी थोडीफार इकडेतिकडे करून पास करते. म्हणजे तुमचा आकडा कौन्सिलच्या हियरिंगआधी केव्हाच तयार झालेला असतो.

आम्ही अर्ज वाचायला बसायचो तेव्हा काय व्हायचं ते स्पष्ट लिहिते. प्रत्येक संस्था म्हणायची आम्ही गरजूंना मदत करतो, आणि सगळ्या करतातच, त्यात शंका नाही. फरक पडायचा तो नेमकेपणाने. ह्या पैशांतून किती माणसं, त्यांतली आपल्याच शहरातली किती (हे फार महत्त्वाचं, शेजारच्या गावातली माणसं आमच्या पैशात मोजता येत नाहीत), एका माणसामागे किती खर्च, बाकीचे पैसे कुठून येतात, आणि हे पैसे आले नाहीत तर नक्की काय बंद पडेल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक अर्जांत गुळमुळीत असायचं. "सेवेवर परिणाम होईल" असं लिहिलेलं वाचून मार्क देणारा काय करणार, त्याऐवजी आठवड्यातले दोन दिवस गाडी बंद आणि त्या दिवशी डायलिसिसला जाणारी माणसं अडकणार असं लिहिलं की सगळे सरळ होऊन बसायचे.

दुसरं म्हणजे कन्सॉलिडेटेड प्लॅन. सिटी तीन ते पाच वर्षांचा एक मोठा प्लॅन करते, त्यात प्रायॉरिटी लिहिलेल्या असतात, आणि मग दर वर्षी ॲन्युअल ॲक्शन प्लॅन, तुम्ही अजेंड्यावर बघताय तो. मोठ्या प्लॅनमधे ज्येष्ठांच्या सेवा हाय प्रायॉरिटी असं नसेल तर वर्षाच्या अर्जाला कितीही मार्क दिले तरी वर जात नाही. आमच्याकडे पाच वर्षांच्या प्लॅनच्या वेळी सर्व्हे काढला होता तेव्हा उत्तरं देणारे थोडे आणि त्यातही घरमालकच जास्त, भाड्याने राहणारे नि म्हातारे जवळजवळ नाहीतच, मग प्रायॉरिटीत त्यांचं कसं येणार? तुमच्या सिटीचा हा प्लॅन कधी संपतो ते बघा आणि पुढच्याच्या सर्व्हेला तुमच्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाकडून फॉर्म भरून घ्या. माझ्या मते तीन मिनिटांच्या भाषणापेक्षा ह्याने कितीतरी जास्त फरक पडतो.

एका गोष्टीत मात्र मधली_सुट्टी यांच्यापेक्षा माझा अनुभव वेगळा आहे. चढाओढ संस्थांमधे आहे हे खरं, पण ते पैसे वाटायचे कसे हा निर्णय पूर्ण स्थानिक असतो. दीड लाख दहा संस्थांना पंधरा-पंधरा हजार का तीन संस्थांना पन्नास-पन्नास? कौन्सिल मेंबरना सगळ्यांना थोडं थोडं द्यायला आवडतं, कुणी नाराज होत नाही. मला ते बरोबर वाटत नाही, पंधरा हजारात कुणाचंच काम नीट होत नाही. काही शहरांनी किमान रक्कम ठरवलीये, त्याखाली अर्जच घेत नाहीत. हियरिंगला हा मुद्दा काढण्यासारखा आहे.

मधली_सुट्टी:

पायवाट, किमान रकमेला माझा थोडा विरोध आहे. ती ठेवली की ज्यांच्याकडे अर्ज लिहायला पगारी माणूस आहे अशाच संस्था उरतात आणि एखाद्या भाषेच्या, एखाद्या वस्तीच्या छोट्या संस्था बाहेर पडतात, ज्यांच्याशिवाय ती माणसं कुणाकडे जातच नाहीत. ह्यापेक्षा दोन वर्षांचे करारनामे करणं बरं, म्हणजे अर्जाची मेहनत निम्मी होते.

पायवाट:

दोन वर्षांच्या कराराचं पटलं. पण पंधरा हजारांच्या मागे किती कागद लागतात ते बघून मी किमानवर ठाम आहे.

गणिती_काका:

कागदांचा विषय निघाला म्हणून. मी नॉनप्रॉफिटची बुकं बघतो, व्यवसायच तो. सोनचाफा, पंधरा हजार घ्यायचे का नाही हे तुमच्या बोर्डाने गणित करून ठरवा, मिळतायत म्हणून घेऊ नका.

पहिली गोष्ट, हे पैसे आधी मिळत नाहीत. तुम्ही खर्च करायचा, पावत्या आणि टाइमशीट जोडून सिटीला बिल पाठवायचं, सिटी तपासणार, हडच्या सिस्टिममधून पैसे उचलणार, मग तुम्हाला चेक. मधे दोन-तीन महिने सहज जातात, ड्रायव्हरचा पगार त्या काळात कुठून देणार? राखीव पैसे नसतील तर बँकेची क्रेडिट लाइन आधी करून ठेवा. दुसरी गोष्ट, करारावर सही व्हायच्या आधीचा खर्च साधारणपणे धरत नाहीत. वर्ष १ जुलैला सुरू झालं, आणि करार ऑक्टोबरात हातात आला असं पुष्कळदा होतं, तेव्हा मागच्या तारखेपासून खर्च धरणार का हे लेखी विचारून घ्या. तिसरी, माणसाचा वेळ. ड्रायव्हर अर्धा वेळ ह्या प्रोग्रॅमवर आणि अर्धा दुसऱ्या ग्रँटवर असेल तर कुठले तास कशावर ह्याची नोंद रोजची लागते, महिन्याअखेर अंदाजाने भरलेली मॉनिटरिंगमधे पहिल्यांदा पकडली जाते.

चांगली बाजूही आहे. ऑफिसचं भाडं, अकाउंटिंग, वीज असल्या खर्चासाठी ज्यांचा ठरलेला दर नाही अशा संस्थांना १५ टक्क्यांपर्यंत दर लावता येतो, २०२४ च्या ऑक्टोबरात तो १० वरून वाढलाय, जुनेच फॉर्म वापरणाऱ्या सिटीला हे दाखवून द्यावं लागतं. आणि सगळे फेडरल पैसे मिळून वर्षाला १० लाख डॉलरच्या खाली खर्च असेल तर सिंगल ऑडिटची, म्हणजे फेडरल पैशांच्या वेगळ्या मोठ्या ऑडिटची, भानगड नाही, आधी ही मर्यादा साडेसात लाख होती.

अजून एक नियम फार कामाचा आहे आणि संस्थांना माहीत नसतो. पब्लिक सर्व्हिसवर सीडीबीजी वापरायचं तर ती सेवा नवीन तरी हवी किंवा गेल्या १२ महिन्यांत सिटीने स्वतःच्या नाहीतर राज्याच्या पैशांतून जेवढी दिली त्यापेक्षा मोजून दाखवता येईल इतकी जास्त तरी हवी. म्हणजे सिटी स्वतःच्या जनरल फंडातून (टॅक्स वगैरेच्या नेहमीच्या पैशांतून) तुम्हाला काही देत असेल तर ते काढून घेऊन त्याजागी सीडीबीजी टाकणं ह्या नियमाला धरून नाही. बजेट टाइट असलं की हा मोह होतो. अजेंड्यात दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघा.

कट्टेकरी:

सगळं वाचलं. माहिती चांगलीये पण माझा विश्वास नाही. सगळं आधीच ठरलेलं असतं, हियरिंग म्हणजे नावाला. आमच्याकडे रात्री उशिरा विषय निघाला, रूममधे चार माणसं, पाच मिनिटांत पास. एवढी मेहनत करून काय उपयोग, हडला तरी कुठे पडलीये.

मधली_सुट्टी:

कट्टेकरी, कौन्सिलच्या त्या रात्रीबद्दल तुमचं बरोबर आहे. पण वर्षातून निदान दोन हियरिंग घ्यावी लागतात आणि ती वर्षाच्या दोन वेगळ्या टप्प्यांवर. त्यातलं एक प्लॅनचा मसुदा बाहेर यायच्या आधी, गरजा काय आहेत हे ऐकायला. लोक जातात ते शेवटच्याला, जेव्हा आकडे छापून आलेले असतात. गरजांच्या हियरिंगला बहुतेक वेळा स्टाफ आणि एखाददुसरी संस्था एवढेच असतात, तिथे बोललेलं ऐकलं जातं कारण तेव्हा कागद कोरा असतो.

आणि हड बघत नाही असं नाही. न्यूयॉर्कजवळची वेस्टचेस्टर काउंटी घ्या, फेअर हाउसिंग (घर मिळण्यात भेदभाव नको हे तत्त्व) पुढे नेतोय असं दर वर्षी सर्टिफाय करून ही ग्रँटं घेत राहिली, आणि एका नागरी हक्क संस्थेने ते सर्टिफिकेट खोटं आहे म्हणून केस केली. २००९ साली ६ कोटी २५ लाख डॉलरची तडजोड झाली आणि गोऱ्या वस्तीच्या गावांमधे ७५० अफोर्डेबल घरं बांधायचं काउंटीला कबूल करावं लागलं. सुरुवात बाहेरच्या लोकांनी कागद वाचण्यातून झाली. वर्ष संपल्यावर ९० दिवसांत सिटीला कॅपर नावाचा रिपोर्ट द्यावा लागतो, कुठले पैसे कुठे गेले, किती लोकांना मिळालं, त्यावरही लोकांना निदान १५ दिवस कॉमेंट करता येते. तो वाचा. मागच्या वर्षी कबूल केलेली घरं रिपेअर झाली का, हे विचारणारा एक माणूस असला तरी डिपार्टमेंट जागं राहतं, मी तिथे बसून बघितलंय.

विटा_वाळू:

नवीन घरं का नाहीत ह्याचं उत्तर राहिलं. मी अफोर्डेबल हाउसिंगच्या फायनान्समधे काम करते.

सीडीबीजीतून नवीन घरं बांधायला काही अपवाद सोडले तर परवानगीच नाही. जमीन घेता येते, जुनं पाडता येतं, पाणी-ड्रेनेज करता येतं, जुनी घरं रिपेअर करता येतात. तुमच्या यादीतले तीन लाख ते, आणि कृपया ते कमी लेखू नका. गळकं छप्पर आणि बंद पडलेली फर्नेस ह्यांच्यामुळे म्हाताऱ्या माणसाला घर सोडावं लागतं, दुरुस्ती झाली तर ती बाई तिच्याच घरात राहते, इतक्या कमी पैशात दुसरं कुठलंही अफोर्डेबल घर मिळत नाही. तुमच्या जेवणाच्या यादीतल्यांपैकी स्वतःचं घर असलेले कोण आहेत बघा आणि त्यांना ह्या रिपेअर प्रोग्रॅमचा अर्ज भरून द्या, तेही आपलेच पैसे आहेत.

नवीन घरांसाठी वेगळं ग्रँट आहे, नाव होम, १९९० च्या कायद्यातलं. ते फॉर्म्युल्याने येतं पण छोट्या शहरांना स्वतंत्र मिळेल एवढा हिस्सा निघत नाही, मग शेजारची शहरं मिळून कन्सॉर्टियम करतात नाहीतर राज्याकडे जातात. त्यात १५ टक्के समाजातून उभ्या राहिलेल्या हाउसिंग संस्थांसाठी राखून ठेवायचे असतात आणि सिटीला साधारण २५ टक्के मॅच, म्हणजे बाकीकडून जोडीचा हिस्सा, आणावा लागतो. भाड्याच्या घरांत बहुतेक सगळे भाडेकरू मिडियनच्या ६० टक्क्यांच्या आतले लागतात, आणि नवीन बांधलेली भाड्याची बिल्डिंग २० वर्षं परवडणारी ठेवायचं बंधन जमिनीच्या कागदावर चढतं. पण एकट्या होमच्या पैशात बिल्डिंग उभी राहत नाही. मोठा पैसा येतो तो १९८६ च्या टॅक्स क्रेडिटमधून (अशा बिल्डिंगमधे पैसे घालणाऱ्यांना मिळणारी करसवलत), जे राज्याची एजन्सी वाटते, आणि होम, सिटीची जमीन, बँकेचं कर्ज हे सगळं त्यात जोडत जोडत आठ-दहा ठिकाणचे पैसे एकत्र येतात. एका जागी तारीख चुकली की सगळं थांबतं. म्हणून वर्षानुवर्षं प्लॅनमधे नाव दिसतं आणि जागेवर गवत दिसतं.

एक धोक्याची सूचना, कुणी संस्था पुढेमागे जागा घ्यायचा विचार करत असेल तर. फेडरल पैसे मागितले की एन्व्हायर्नमेंटल रिव्ह्यू पूर्ण होईपर्यंत जागा विकत घ्यायची नाही, काम सुरू करायचं नाही, कॉन्ट्रॅक्टही नाही, स्वतःच्या पैशांनी सुद्धा नाही. चांगली डील मिळाली म्हणून आधी सही केली आणि ग्रँट गेलं असं झालेलं मी पाहिलंय, फार वाईट वाटतं कारण हेतू चांगलाच असतो.

सोनचाफा:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आमच्या डायरेक्टरबरोबर बसून दोन्ही ओळी ताडून बघितल्या, गणिती काका, सिटीच्या जनरल फंडातून आमच्या गाडीच्या पेट्रोलला जे मिळायचं ते यंदाच्या प्रस्तावात नाहीये आणि त्याच सुमाराची रक्कम सीडीबीजीत आलीये! हे विचारायचंच आता. ६२ वर्षांचंही स्टाफला लिहिलंय.

अजून एक. आमचे काही आजी-आजोबा स्वतः यायचं म्हणतायत हियरिंगला. पण इंग्लिश बोलायची भीती वाटते त्यांना. मी त्यांच्यावतीने बोलले तर चालेल का?

पायवाट:

चालेल पण त्यांनाच बोलू द्या, मी कमिटीत असताना संस्थेच्या माणसापेक्षा सेवा घेणाऱ्या माणसाचं बोलणं कायम जास्त लक्षात राहायचं. इंग्लिश न बोलणारे बऱ्यापैकी संख्येने येणार असतील तर त्यांची सोय कशी करणार हे सिटीच्या सिटिझन पार्टिसिपेशन प्लॅनमधेच लिहिलेलं असावं लागतं, तो वेबसाइटवर असतो. आजच सिटी क्लर्कला ईमेल करा, कुठल्या भाषेचे किती जण आणि दुभाष्या हवाय. ऐकायला कमी येणारे असतील तर तेही लिहा. दुभाष्याचा वेळ तीन मिनिटांतून कापणार नाही ना हे आधी विचारा, काही ठिकाणी दुप्पट वेळ देतात. पेट्रोलच्या ओळीचं मात्र आधी स्टाफला फोन करून विचारा, खुलासा असेल तर कळेल, नसेल तर त्यांना ते हियरिंगआधी दुरुस्त करायची संधी मिळेल, भर सभेत पहिल्यांदा काढलंत तर ते लगेच बचावात जातात.

मधली_सुट्टी:

सहमत. आणि जे बोलाल ते लेखीही द्या. मसुद्यावर कॉमेंटसाठी निदान ३० दिवस ठेवावे लागतात, अजेंड्यावर शेवटची तारीख असेल. त्या मुदतीत आलेल्या लेखी आणि हियरिंगमधे बोललेल्या मुद्द्यांचा सारांश प्लॅनला जोडून हडला पाठवावा लागतो, आणि जे मान्य केलं नाही ते का नाही हेही लिहावं लागतं. म्हणून पत्रात मोघम विनंती नको, एकेक मुद्दा नंबर घालून सुटा लिहा, पेट्रोलचा वेगळा, ६२ वर्षांचा वेगळा, दोन वर्षांच्या कराराचा वेगळा, म्हणजे प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागेल. पंधरा हजारांचे साठ ह्या वर्षी होणार नाहीत असं मला वाटतं. पण कुठल्या संस्थेने पैसे परत केले किंवा करारच केला नाही तर ती रक्कम त्याच १५ टक्क्यांतून पुन्हा वाटली जाते, तेव्हा आमचा विचार करा असं पत्राच्या शेवटच्या मुद्द्यात घाला, आणि वाढीव पैशांत किती जणांना किती दिवस जेवण देता येईल तो आकडा तिथेच द्या.